सरळ दातांची चूक

मंगळवार, ४ मार्च. सकाळपासून वारा. धाकट्याचे दात बसले. दिसायला उत्तम. दुपारी सूप आणि मऊ ब्रेड. म्हणाला, चावता येतं. बैठकीचे पडदे धुतले. संध्याकाळी त्याने क्लॅरिनेट बाहेर काढलं आणि लगेच पेटीत ठेवलं. जेवला नाही. दूध नासलं, टाकून दिलं.

ही नोंद ताईंच्या रोजनिशीतली. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय, ती लग्नात सुटली नाही, वैधव्यात तर नाहीच नाही. दिवसभरात घडलेलं तेवढं लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही. म्हणून त्या मंगळवारी घरात नेमकं काय कोसळलं, ते या नोंदीवरून कुणाला कळायचं नाही. धाकटा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. साठी उलटलेला, पण ताईंच्या तोंडी अजून धाकटाच. आणि ते दात केले होते समोरच्या गल्लीतल्या दातवालीनं. गोष्ट तिची आहे.

दातवालीचं खरं नाव पोस्टमनला माहीत असेल तर असेल. चष्म्याच्या दुकानामागे तिची एक खोली होती. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवायचे, ती दात घडवून परत पाठवायची, डॉक्टर ते बसवायचे. रोग्याची आणि तिची गाठ पडायचं कारणच नव्हतं. "डॉक्टर तोंडात हात घालतात," ती म्हणायची, "मी तोंडाबाहेर राहते, म्हणून अजून कुणी मला चावलेलं नाही."

खोलीत खिडकीपाशी एक लांब टेबल, टेबलावर काचेची पाटी, उंदराच्या मिशीएवढे बारीक ब्रश, पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या आणि पावाच्या डब्याएवढी विजेची भट्टी. भिंतीवर फळी, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे. गावातल्या निम्म्या लोकांचे जबडे तिथं ओळीनं बसलेले असायचे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव. पहिल्यांदा आलेला माणूस दचकायचा. "घाबरू नका," दातवाली सांगायची, "त्यांना बोलता येत नाही. माझ्याकडे आलेल्यांतले हेच तेवढे शहाणे."

माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहात नसत. रस्त्यात कुणी ओळख दिली की ही कोऱ्या डोळ्यांनी बघायची. तो हसला की मग हिची ट्यूब पेटायची. "अगोबाई, तुम्ही होय! वरचा डावा कसा आहे?" एकदा एका लग्नात तिनं नवऱ्यामुलाच्या आईला लांबून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "ती बघ, पुढचे दोन माझे." त्या बाईनं आपले दात सख्ख्या बहिणीपासूनही लपवून ठेवले होते. पुढची दोन वर्षं ती दातवालीशी बोलली नाही. "न बोलली तर न बोलो," दातवाली म्हणाली, "पण तोंड मिटून राहिली ना, तर माझं काम वाया जातं."

या कामात ती आली ती कपबशांच्या कारखान्यातून. सोळाव्या वर्षी तिला तिथं लावलं होतं. कपाच्या काठाला निळी रेघ मारायची, पोटाला एक फूल काढायचं. मुकादम संध्याकाळी एकेक कप उजेडासमोर धरून फिरवायचा आणि रेघ जरा वाकडी दिसली की ती मारणाऱ्या मुलीच्या देखत कप पिंपात टाकायचा. फटकन आवाज व्हायचा. पहिल्या महिन्यात तिच्या नावाचा तो आवाज इतके वेळा झाला की घरी आईनं भांडं जरा आपटलं तरी पोरगी मान खाली घालायची. पुढं मात्र तिचा हात असा बसला की मुकादम तिचे कप न बघताच पुढं सरकवू लागला. कारखाना बंद पडला तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्या दात करणाऱ्यानं तिला बोलावून घेतलं. "कपावर सरळ रेघ मारतेस, तर दाताची धार सरळ आणशील," तो म्हणाला. माती तीच, पांढरी. भट्टीही तीच, फक्त धाकटी.

तेव्हापासून तिच्या हातून वाकडा दात बाहेर गेला नव्हता. हा तिचा अभिमान, आणि तो ती लपवायचीही नाही. तिचा नवरा बस चालवायचा. त्याचे दात जन्मजात वेडेवाकडे. मुलगी बघायला आला तेव्हा तो पूर्ण वेळ तोंड मिटून बसला होता. "मला वाटलं, माणूस गंभीर आहे," ती सांगायची, "लग्नानंतर हसला, तेव्हा कळलं मला कसं फसवलंय ते." नवरा म्हणायचा, "मी घरात हसलो की ही कानस शोधायला लागते."

तर ताईंचा धाकटा शहराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मोसमात दर रविवारी बागेतल्या गोल चबुतऱ्यावर बँड वाजतो, त्यातली क्लॅरिनेटची पहिली खुर्ची त्याची. हिवाळ्याच्या सुरुवातीला बँडच्या खोलीचा जिना उतरताना त्याचा पाय घसरला. हातात पेटी होती. कुणीही शहाण्या माणसानं पेटी सोडून कठडा धरला असता. यानं पेटी छातीशी कवटाळली आणि तोंड पायरीला दिलं. वाद्याला ओरखडा नाही, पण वरचे पुढचे चारही दात गेले. दोन्ही सुळे तेवढे शाबूत राहिले. डॉक्टरांनी उरलेली मुळं काढली, जखमा भरल्यावर माप घेतलं, सुळ्यांच्या आधारानं चार दातांचा सलग ब्रिज करायचा असं ठरवून साचा दातवालीकडे पाठवला. सोबत नेहमीसारखं कार्ड होतं आणि त्यावर डॉक्टरांच्या गिचमिडीत एक लांबलचक इंग्रजी शब्द.

दातवालीनं ताईंना निरोप पाठवला, की दात असतानाचा एखादा फोटो असला तर द्या. ताईंनी अल्बमच आणून दिला. दातवालीनं पानामागून पान उलटलं. प्रत्येक फोटोत धाकट्याचं तोंड मिटलेलं, नाहीतर त्यात क्लॅरिनेट खुपसलेलं.

"अहो काकू, तुमच्या भावाच्या तोंडाला जन्मभर एकतर कुलूप, नाहीतर बूच!"

"लाजायचा गं तो. डावा दात पुढं आलेला, उजवा त्याच्या आड. तो फळीसारखा दिसायचा, म्हणून शाळेत पोरं फळी म्हणून चिडवायची. तेव्हापासून फोटोत हसला नाही."

"मग आता हसतील. असे सरळ करून देते की आरसा सोडणार नाहीत."

ताईंना बरं वाटलं. धाकट्याला विचारलं तर तोही लाजत म्हणाला, जमत असेल तर करा. डॉक्टरांनाही गैर वाटलं नाही. इतकी सगळी माणसं एका चुकीवर इतक्या आनंदानं एकमत झालेली क्वचितच सापडायची. दातवालीनं चार दात घडवले. शेजारच्या सुळ्यांच्या रंगाशी रंग असा जुळवला की कुठं जुनं संपतं आणि कुठं नवं सुरू होतं ते तिलाही शोधावं लागावं. डॉक्टरांनी ब्रिज आधी कच्च्या सिमेंटनं बसवला. काही दिवस वापरून बघा, मग पक्का करू म्हणाले. मंगळवारी धाकटा आरशासमोर उभा राहून हसला, ताईंना हाक मारून पुन्हा एकदा हसला, आणि संध्याकाळी क्लॅरिनेट तोंडाला लावून त्यानं फुंकर मारली.

बुधवारी सकाळी ताई दातवालीच्या दारात.

"काय काकू, दुखतंय का त्यांना?"

"नाही."

"टोचतंय? हलतंय?"

"नाही गं, दात छान आहेत. वाजत नाही."

"दात वाजावेत असं कशाला वाटतंय तुम्हाला?"

"क्लॅरिनेट वाजत नाही."

दातवालीनं ब्रश खाली ठेवला. "मग वाद्यवाल्याला दाखवा. पडले तेव्हा आत काहीतरी हललं असेल."

"वाद्य दुसऱ्यानं वाजवून बघितलं. ठणठणीत आहे."

"काकू, चाळीस वर्षांत माझ्या दाताबद्दल तक्रार नाही आली."

"तक्रार नाही गं करत," ताई म्हणाल्या. "येत्या रविवारी मोसमाचा पहिला कार्यक्रम आहे. बँडमास्तरांनी त्याला शनिवारच्या तालमीला बोलावलंय. वाजलं तर खुर्ची त्याची. नाहीतर बदली माणूस बसेल, मोसमापुरता म्हणतात. या वयात एकदा खुर्ची गेली की गेली, ते त्यालाही कळतं. काल रात्री म्हणाला, सोमवारी वाद्यांच्या दुकानदाराला सांगतो, क्लॅरिनेट घेऊन जा म्हणून. खोलीतून बाहेर यायला तयार नाही."

ताई गेल्या. दातवालीनं एका दाताला हात घातला, तो चुकला. दुसऱ्याला घातला, तोही चुकला. मग ती भट्टी बंद करून उठली आणि तशीच, एप्रनवर, ताईंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेली. आपले दात तोंडात गेल्यावर काय करतात ते बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी चालली होती.

धाकट्यानं खोलीचं दार उघडलं ते कसंनुसं हसत. हसू मात्र सुंदर होतं. तेवढ्यातही दातवालीच्या मनात आलं, काय सरळ आहेत!

"वाजवून दाखवा," ती म्हणाली.

"नको."

"मी तुमच्यासाठी भट्टी बंद करून आले आहे. वाजवा."

त्यानं वाजवलं. गंजलेल्या बिजागरीचं कपाट कुणी हळूहळू उघडावं तसा आवाज झाला, मग फुस्सकन हवा सुटली. ताई उगाचच पडदा सारखा करायला गेल्या.

"बघितलंत?" धाकटा म्हणाला. "तुमची काही चूक नाही हो. पूर्वी तोंडात घेतलं की ते आपोआप जागेवर बसायचं, कुलुपात किल्ली बसते तसं. कुठं धरायचं, किती दाबायचं, मला कधी विचार करावा लागला नाही. आता किल्ली आत घालतो आणि ती नुसती गोल फिरते."

 दातवालीनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि डॉक्टरांचं कार्ड बाहेर काढलं. "काकू, हा शब्द काय आहे हो? चाळीस वर्षं कार्डावर येतोय. हा असला की काम मोठं, एवढंच मी समजते."

ताईंनी चष्मा लावला. "रिकन्स्ट्रक्शन."

"म्हणजे?"

"पुन्हा बांधणं." पण ताईंना अर्धवट उत्तर द्यायची सवय नव्हती. त्या उठून शाळेत बक्षीस मिळालेला जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या. त्याची पाठ आता कापडी पट्टीनं धरलेली होती. "आमच्या लॅटिन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, शब्दाला आधी त्याचं घर विचारा. हे बघ. री म्हणजे पुन्हा. कॉन म्हणजे एकत्र. आणि मधला आहे तो लॅटिन स्ट्रुएरे. म्हणजे रचणं. एकावर एक थर ठेवत नेणं."

"थर?"

"हो, थर."

"अगोबाई, मग हे तर माझंच काम की!" दातवाली पुढं सरकली. "भुकटी पाण्यात कालवायची, ब्रशनं एक थर लावायचा, भाजायचा. मग दुसरा, जरा पिवळसर. मग कडेला काचेसारखा पातळ. एका थरात दात होत नाही. झाला तरी तो बटणासारखा दिसतो. त्या लॅटिन माणसांना दात करता यायचे का?"

"ते मला नाही माहीत. पण या घराण्यातले बाकीचे शब्द तुला माहीत आहेत. स्ट्रक्चर आहेच. इन्स्ट्रक्ट म्हणजे शिकवणं, मुळात आत रचणं. आणि डिस्ट्रॉयही त्यातलाच."

"तो कसा?"

"रचलेलं उतरवून टाकणं."

"म्हणजे जिन्याची पायरी," धाकटा कोपऱ्यातून म्हणाला. मंगळवार संध्याकाळपासूनचा हा त्याचा पहिला विनोद. ताईंनी न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांचे खांदे जरा सैलावले.

"आणि अर्थ?" दातवालीनं विचारलं. "घर पुन्हा बांधणं तेवढाच?"

ताईंनी बोट खाली सरकवलं. "पहिला तो. पडलेलं पुन्हा उभारणं. दुसरा डॉक्टर लोकांचा. मोडलेलं नाक, जबडा, गुडघा पुन्हा घडवणं. तिसरा पोलिसांचा आणि इतिहास लिहिणाऱ्यांचा. जे घडून गेलं, जे आता दिसत नाही, ते उरलेल्या खुणांवरून पुन्हा जुळवणं. कसं होतं ते शोधून काढणं."

दातवालीनं कार्ड पुन्हा हातात घेऊन बघितलं. 

"कसं असायला हवं ते नाही," ती म्हणाली. "कसं होतं ते."

"हो."

"काकू, मला दिसलं होतं. साच्यात ह्यांचा खालचा एक दात तिरपा झिजलेला आहे. समोर वाकडा दात असल्याशिवाय तसा झिजत नाही. मी तो बघितला आणि म्हटलं, असू दे, आता वरचा सरळ होणार आहे." तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले. "ह्या माणसाचं आख्खं वाजवणं वाकड्या दातावर बसलेलं होतं, आणि मी ते सरळ करून ठेवलं. कप पिंपात टाकायला पाहिजे माझा."

"अगं, आम्हीच तर सरळ करायला सांगितले."

"तुम्ही सांगाल. तुम्ही कुठं दात करता? पण खालच्या दातावरून तेवढा अंदाज येतो फक्त. किती पुढं, किती खाली, कुठल्या कोनात, ते मी कशावरून काढू? दात कचऱ्यात गेले. फोटोत तोंड मिटलेलं. खुणा आहेत कुठं?"

 ताईंनी चहा केला. तिघांनी तो भिंतीकडे बघत प्यायला. उगाच पाहुणी म्हणून बसून राहणं दातवालीला जमेना, म्हणून ती कप गोळा करून स्वयंपाकघरात विसळायला गेली. बाहेर वारा चांगलाच सुटला होता. बैठकीच्या खिडक्या खडखडत होत्या, पण स्वयंपाकघरातली गप्प होती. कप उपडा घालताना दातवालीनं सहज वर बघितलं. खिडकीच्या फटीत एक काळी पाचर घट्ट बसवलेली होती. एका बाजूला निमुळती, चोचीसारखी. आणि त्या चोचीच्या पाठीवर दोन खळगे.

माणसाचा चेहरा विसरणारी ही बाई. पण दात ती कुठंही ओळखायची.

"काकू!" ती ओरडली. "हे कुणाचे दात आहेत?"

ताई धावत आल्या. त्यांना वाटलं, कप फुटला. "कुठले दात? ती पाचर आहे. वाऱ्यानं खिडकी वाजायची म्हणून धाकट्यानंच लावून दिली. मी रोज पुसते."

"रोज पुसता आणि दिसलं नाही?"

दातवालीनं पाचर हलवून हलवून उपसली. ताबडतोब खिडकी खडखडायला लागली. त्या खडखडाटात धाकटा दारात येऊन उभा राहिला आणि पाचरीकडे बघून म्हणाला, "तो माझा जुना माउथपीस. वाद्याचा तोंडात धरायचा तुकडा. वीसेक वर्षं वाजवला असेन त्यावर. टोकाला टवका उडाला म्हणून बदलला."

"आणि हे खळगे?"

"वरचे दात टेकतात ना तिथं. टेकून टेकून झिजतं. नव्यावर मी रबराची चकती चिकटवली, म्हणून त्यावर काही उमटलं नाही."

दातवालीनं तो तुकडा उजेडासमोर धरून फिरवला, अगदी मुकादम कप फिरवायचा तसा. डावा खळगा खोल आणि लांबट. उजवा उथळ, जरा मागं, तिरका. दोन्ही मिळून एक वाकडं तोंड, काळ्या कडक रबरावर कोरून ठेवलेलं.

"फळी," ती पुटपुटली. "आता सापडलात तुम्ही." आणि तो तुकडा रुमालात गुंडाळून ती निघालीसुद्धा. जिन्यावरून तिचा आवाज आला, "उद्या डॉक्टरांकडे! दोघंही! क्लॅरिनेट घेऊन!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दातवालीला बघून डॉक्टरांनाच नवल वाटलं. ती तिथं सहसा फिरकत नसे. तिनं काय झालं ते सांगितलं, माउथपीस पुढं केला. डॉक्टरांनी भिंग लावून खळगे बघितले आणि हसले. "सरळ दात मलाही बरे दिसले होते. चला, उतरवू." कच्चं सिमेंट होतं म्हणून ब्रिज न मोडता निघाला. चाळीस वर्षांतलं बहुधा सगळ्यात देखणं काम दातवालीनं कापसात ठेवलं आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

"आता डोळे मिटा," ती धाकट्याला म्हणाली. "हा जुना तुकडा वाद्याला लावलाय. वाजवायचं नाही. फक्त तोंडात असा धरा, जसा पूर्वी धरायचात."

"दात नाहीत, टेकवू कशावर?"

"ते मी बघते. तुमचे हात आणि खालचा ओठ काय सांगतात तेवढं ऐका."

धाकट्यानं डोळे मिटले. बोटं आपापल्या भोकांवर जाऊन बसली. कोपरं अंगापासून किंचित सुटली, मान एका बाजूला झुकली, आणि वाद्य मधोमध न राहता केसभर डावीकडे कलून थांबलं. ताई पुढं वाकल्या. हे कलणं त्यांनी जन्मभर चबुतऱ्याखालच्या बाकावरून बघितलेलं होतं आणि ते कलणं आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

"हलू नका," दातवाली म्हणाली. तिनं ऊन मेणाची गोळी वरच्या फटीत बसवली आणि माउथपीसच्या खळग्यांत दाबून भरली. मेण गार झालं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर दोन दातांची टोकं होती. एक पुढं आलेलं, एक त्याच्या आड.

त्या मेणावरून तिनं आधी प्लास्टिकचे कच्चे दात केले. गुरुवारची दुपार त्यात गेली, शुक्रवारची सकाळही. काम हाताला अतोनात जड गेलं. वाकडा दात करायचा म्हणजे काय, ते तिला माहीतच नव्हतं. हात आपोआप धार सरळ करायला जायचा, आणि तिला स्वतःच्याच बोटांवर चापट मारावीशी वाटायची. नवरा डबा द्यायला आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिला.

"हे काय, माझे करतेस की काय?"

"तुमचे याहून वाकडे आहेत."

"मग एवढे कसे जमेनात? नमुना तर रोज समोर जेवायला बसतो."

तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. "आ करा," ती म्हणाली. तो बिचारा खोलीच्या मधोमध डबा हातात घेऊन आ करून उभा राहिला, आणि तिनं वाकडा दात हिरडीतून कसा निघतो, कुठं वळतो, शेजारच्याला कसा खेटतो, ते पहिल्यांदा नीट बघितलं. दोष म्हणून नाही, दात म्हणून.

शुक्रवारी डॉक्टरांनी ते कच्चे दात बसवले आणि धाकटा, ताई आणि दातवाली तिच्या खोलीवर आले. धाकट्यानं आरसा मागितला. बघितलं. डावा पुढं, उजवा आड. जन्मभर ज्यांना लपवलं तेच.

"झालं," ताई हळूच म्हणाल्या, "पुन्हा फळी."

"असू दे ताई," धाकटा म्हणाला. "ओळखीचा आहे."

त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. वाद्य केसभर डावीकडे कललं आणि थांबलं. दातवालीनं टेबलाची कड धरली. काल-परवापर्यंत माणसाच्या ओठामागे काय चालतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, आणि आता तिला वाटत होतं, या फुंकरीत फुस्स झालं तर आपण पुन्हा ब्रशला हात लावू शकणार नाही.

पहिला सूर खालचा निघाला. अगदी खालचा, जाड, गरम, संथ. तो वाढत गेला, कोपऱ्यात पोचला, फळीवर चढला, आणि फळीवरचे प्लास्टरचे जबडे एकेक करून थरथरायला लागले. गावातल्या निम्म्या लोकांचे दात कडकड वाजू लागले. दातवाली आधी दचकली, मग हसायला लागली ती थांबेचना. ताईंना हसावं की डोळे पुसावे कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. धाकटा मात्र डोळे मिटून वाजवत राहिला, तो सूर सोडला तर हरवेल असा. शेवटी चष्मेवाला मागच्या दारातून डोकावला.

"काय चाललंय? माझ्या काचा हलतायत!"

"हलू दे!" दातवाली ओरडली. "आमचं वाजतंय!"

डावीकडच्या दाताला अजून जरा कानस हवी होती, वरचे सूर किंचित कापत होते. ती तिनं लगेच दवाखान्यात नेऊन डॉक्टरांकडून मारून घेतली. पण ताईंचा जीव भांड्यात पडला तो त्या पहिल्या खालच्या सुरालाच.

शनिवारी तालमीला दातवाली ताईंबरोबर गेली. बँडच्या खोलीत ती कधी गेली नव्हती. मागच्या बाकावर बसून तिनं सवयीनं आधी सगळ्यांचे दात बघून घेतले. ढोलवाल्याची दाढ गेलेली, ट्रॉम्बोनवाल्याचा पुढचा दात तिच्याच हातचा. पहिल्या खुर्चीत बदली माणूस बसला होता. धाकटा आला तसा तो अर्धवट उठला आणि बँडमास्तरांकडे बघू लागला.

बँडमास्तर धाकट्याचं तोंड बघून म्हणाले, "अरे, हे तर जुनेच दात! नवे बसवणार होतास ना?"

"नवेच आहेत."

"मग पैसे वाया घालवलेस."

"वाजवू का?"

त्यानं वाजवलं. वरून खाली, खालून वर, मग रविवारच्या कार्यक्रमातला त्याचा एकट्याचा तुकडा. दातवालीला त्यातलं काही कळलं नाही. तिला फक्त दिसलं, की वाद्य कललेलं आहे आणि हलत नाही. बदली माणूस ऐकता ऐकता आपले कागद गोळा करू लागला होता. तुकडा संपला तेव्हा तो दुसऱ्या खुर्चीवर बसलेला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं दिसत होतं. पहिल्या खुर्चीची त्याला भीतीच वाटत होती, हे त्यानं नंतर सगळ्यांना सांगून टाकलं.

"उद्या वेळेवर ये," बँडमास्तर म्हणाले, आणि काडी टेबलावर आपटून तालीम सुरू केली. दुसरं काही बोलले नाहीत. धाकटा पहिल्या खुर्चीत बसला, ताईंकडे वळला आणि तोंड उघडून, डावा पुढं आणि उजवा आड दाखवत, भर सभेत हसला.

"बघा, पुढं आलेला," दातवाली ताईंच्या कानाशी म्हणाली. "आणि कसा शोभतोय मेला!"

पांढऱ्या मातीचे पक्के दात करायचे अजून बाकी होते. त्याला नमुना हवा म्हणून जुना माउथपीस तिनं ठेवून घेतला. घरी जाताना तो तिनं फळीवर, धाकट्याच्या प्लास्टरच्या जबड्यासमोर, चोच आत करून ठेवला.

त्या संध्याकाळी ताईंनी लिहिलं:

शनिवार, ८ मार्च. तालीम झाली. धाकटा पोटभर जेवला. पाचर अजून दातवालीकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीला पुठ्ठ्याची घडी घातली, खडखड थांबली.